दूरध्वनीवरील दुभाष्याचे काम: मिनिटाचा दर आणि वाट पाहण्याचे तास

गोदाकाठ (नांदेड)

सर्वांना नमस्कार. हिंदीत एम. ए. केल्यानंतर मी ६ वर्षे एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवले आणि २ वर्षांपूर्वी ते सोडून घरूनच टेलिफोनवर दुभाष्याचे काम सुरू केले. अमेरिकेतील एखाद्या रुग्णालयात किंवा विमा कंपनीच्या कार्यालयात इंग्रजी न येणारी व्यक्ती आली की तिथला कर्मचारी फोन लावतो. तो कॉल तिथल्या भाषासेवा कंपनीकडून भारतातील एका एजन्सीकडे आणि एजन्सीकडून माझ्या हेडसेटमध्ये येतो. माझ्या भाषा हिंदी आणि उर्दू. आमच्या मोहल्ल्यात लहानपणापासून दखनी (दक्षिणेकडची उर्दूची बोली) कानावर पडल्यामुळे हैदराबादकडची वयस्कर माणसे बोलू लागली तरी मला अडत नाही, आणि एजन्सीने मला घेतले तेही बहुधा याच कारणामुळे.

मी महिन्यातून २५ रात्री, सायंकाळी ७ ते रात्री १ या वेळेत लॉग-इन असते. बोललेल्या प्रत्येक मिनिटाला ८ रुपये मिळतात. कॉल नसताना नुसते बसून राहण्याचे काही मिळत नाही, मात्र त्या वेळेत जागेवरून उठताही येत नाही, कारण घंटा वाजल्यापासून २० सेकंदांत कॉल घेतला नाही तर दंड लागतो. हेडसेट, वायरचे इंटरनेट, इन्व्हर्टर हे सगळे माझ्या खर्चाने आहे. पंख्याची घरघर माइकमध्ये जाते अशी तक्रार आल्यापासून मी पंखा आणि कूलर दोन्ही बंद ठेवून, दार-खिडक्या लावून काम करते. नांदेडचा मे महिना ज्यांना माहीत आहे त्यांना यापुढे काही सांगण्याची गरज नाही. पैसे महिना संपल्यावर ६० दिवसांनी देऊ असे ठरले होते. मागचे ८५ दिवसांनी आले.

आता एजन्सीने नवा करार पाठवला आहे आणि सही करण्यासाठी १० दिवस दिले आहेत. दर ८ वरून ७ रुपये होणार आहे. काम सोडल्यानंतर १ वर्ष अन्य कोणत्याही एजन्सीकडे दुभाष्याचे काम करता येणार नाही, असे एक कलम आहे. कॉलचे ध्वनिमुद्रण ‘यंत्रप्रणालीच्या प्रशिक्षणासाठी’ वापरण्यास माझी संमती आहे, असे दुसरे कलम आहे. या क्षेत्रात हे सर्वत्र असेच चालते का? वाट पाहण्याच्या वेळेचा मोबदला कोणी मागितला आहे का, आणि मागितल्यावर काय झाले? मला ओळखीत या कामातले कोणीही नाही, म्हणून येथे विचारत आहे.

आणखी एक गोष्ट विचारायची आहे, ती पैशांची नाही. काही कॉल फार जड असतात. दुभाषी नेहमी प्रथमपुरुषात बोलतो. डॉक्टरांचे ‘मी’ माझ्या तोंडून जाते आणि रुग्णाचेही ‘मी’ माझ्याच तोंडून जाते. वाईट बातमी सांगणारीही मीच आणि ती ऐकून रडणाऱ्या माणसाचे शब्द उच्चारणारीही मीच. कॉल संपतो आणि काही सेकंदांत पुढची घंटा वाजते. गोपनीयतेमुळे घरात कोणाशी बोलता येत नाही. तुम्ही हे कसे सांभाळता?

पैठणगेट (छत्रपती संभाजीनगर)

ताई, मी ९ वर्षे हे काम करते आहे, आधी एका कार्यालयात बसून आणि करोनाच्या साथीपासून घरून. तुमचे अनुभव वाचताना पुष्कळ ठिकाणी मी माझेच वाचते आहे असे वाटले.

पहिली विनंती अशी की मिनिटाच्या दराकडे पगार म्हणून पाहणे आजपासून थांबवा. ८ रुपये मिनिट म्हटले की मनात आपोआप तासाला ४८० रुपये असा गुणाकार होतो आणि जाहिरात त्याच गुणाकारावर चालते. तुम्ही मागच्या १ महिन्याचे लॉग-इनचे एकूण तास काढा, बोललेली मिनिटे काढा, दंड वजा करा, इंटरनेट आणि बॅटरीचा खर्च वजा करा, आणि जे उरेल त्याला लॉग-इनच्या तासांनी भागा. तो तुमचा खरा दर. त्याशिवाय सेकंदांचा हिशेब पाहा: १२ मिनिटे ५० सेकंदांचा कॉल तुमच्या नावावर १२ मिनिटे लागतो की १३? माझ्या पहिल्या एजन्सीत तो १२ लागत होता, आणि दिवसाला २०-२५ कॉल असले की महिनाअखेरीस कित्येक तासांचे काम कागदावरून नाहीसे होत असे. मी लेखी विचारल्यावर त्यांनी सेकंदांप्रमाणे हिशेब सुरू केला. विचारले नसते तर आजही तसेच चालले असते.

वाट पाहण्याच्या वेळेचा मोबदला मी मागितला आहे. पूर्ण वेळेचे पैसे देणारी एजन्सी मला भेटली नाही, पण दर तासाला किमान अमुक मिनिटांचे पैसे, कॉल कमी आले तरी, अशी हमी मात्र मिळवता येते. तिला आम्ही ‘किमान मिनिटे’ म्हणतो. ही मागणी करण्याची ताकद कोठून येते तेही समजून घ्या. अमेरिकेत १९६४ च्या नागरी हक्क कायद्याच्या सहाव्या प्रकरणाने आणि २०१० च्या आरोग्यसेवा कायद्यातील कलम १५५७ ने सरकारी निधी घेणाऱ्या रुग्णालयांवर इंग्रजी न येणाऱ्या रुग्णाला पात्र दुभाषी विनामूल्य देण्याचे बंधन घातले आहे. रुग्णाच्या लहान मुलाला मध्ये उभे करून निभावून नेणे नियमात बसत नाही, अगदी आणीबाणीचा प्रसंग सोडला तर. २००० साली निघालेला भाषासेवेविषयीचा राष्ट्राध्यक्षांचा आदेश मार्च २०२५ मध्ये मागे घेण्यात आला, त्यामुळे सरकारी कार्यालयांकडून येणारे काम कमी होईल ही भीती निराधार नाही. पण कलम १५५७ हे कायद्याचा भाग आहे आणि आदेश मागे घेतल्याने ते रद्द होत नाही. म्हणजे रुग्णालयाला दुभाषी लागणारच आहे. काही सरकारी करारांत रुग्णाची माहिती अमेरिकेबाहेर जाऊ नये अशी अट असते आणि ते कॉल आपल्यापर्यंत पोहोचत नाहीत, हे मात्र ध्यानात ठेवा.

तुमच्या दखनीला कमी लेखू नका. शिकागोत हैदराबादहून गेलेली पुष्कळ कुटुंबे आहेत. त्यांच्या बोलीत ‘परसों’ म्हणजे नेमका परवाचा दिवस असतोच असे नाही. काही दिवसांपूर्वी, कधी काही महिन्यांपूर्वी, असाही अर्थ होतो. ‘परसों से छाती में दुखरा’ हे वाक्य पुस्तकी हिंदी शिकलेला दुभाषी ‘दोन दिवसांपासून’ असे सांगून मोकळा होईल. तुम्ही मात्र डॉक्टरांना ‘हा शब्द संदिग्ध आहे, रुग्णाकडून नेमका काळ विचारून घेण्याची परवानगी द्यावी’ असे सांगाल. छातीत दुखण्याच्या तक्रारीत या एका शब्दावर पुढचे उपचार फिरतात. हे कौशल्य ७ रुपयांचे नाही.

वेळेबद्दल एक सूचना करते. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील दवाखाने सकाळी ८ वाजता उघडतात तेव्हा आपल्याकडे हिवाळ्यात सायंकाळचे ६:३० आणि उन्हाळ्यात ५:३० वाजलेले असतात. पश्चिम किनाऱ्यावर सकाळचे ८ म्हणजे आपल्याकडे रात्रीचे ९:३० किंवा ८:३०. दोन्ही किनारे एकदम उघडे असतात ते तास सर्वात भरगच्च असतात. मार्चच्या दुसऱ्या रविवारी आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळे १ तास बदलतात, त्या आठवड्यात आपली शिफ्टही सरकवून मागावी, नाहीतर रिकामे तास आपल्या वाट्याला येतात.

जड कॉलविषयी तुम्ही विचारलेत ते मला फार महत्त्वाचे वाटते. परिषदांमध्ये काचेच्या कक्षात बसून काम करणारे दुभाषी जोडीने असतात आणि २० ते ३० मिनिटांनी आलटूनपालटून बोलतात, कारण त्यानंतर चुका वाढतात हे त्या व्यवसायाने फार पूर्वी मान्य केले. टेलिफोनवर आपण एकटेच असतो. मी अशा कॉलनंतर स्वतःला ५ मिनिटे ‘अनुपलब्ध’ करते आणि उठून उभी राहते, पाणी पिते, पाय जमिनीवर नीट टेकवते. सुरुवातीला यासाठी मला दंड बसला. मग मी पर्यवेक्षकाला लिहून दिले की मृत्यूची किंवा गंभीर निदानाची बातमी असलेल्या कॉलनंतर हा अवकाश मला लागतोच, आणि त्यांनी तो मान्य केला. गोपनीयता रुग्णाच्या माहितीची असते. ‘आज एक कॉल फार जड गेला, मला थोडा वेळ गप्प बसू दे’ एवढे नवऱ्याला किंवा आईला सांगण्याने कोणाचेही नाव, गाव, आजार बाहेर जात नाही. हे सांगण्याची परवानगी स्वतःला द्यायला मला ४ वर्षे लागली.

कानांचीही काळजी घ्या. दूरस्थ काम वाढल्यापासून कॅनडाच्या संसदेतील दुभाष्यांना ध्वनीच्या आघातामुळे कानात सतत आवाज येणे, डोके दुखणे असे त्रास झाले आणि तो विषय त्यांच्या संघटनेने लावून धरला. आवाजाची वरची मर्यादा रोखणारा हेडसेट घ्या, महाग असला तरी घ्या.

कयाधू_काठ (कळमनुरी)

मी थोडे वेगळे मत मांडते, राग मानू नये. मी हिंगोली जिल्ह्यात राहते आणि माझे मूल ३ वर्षांचे आहे. येथे पदवी घेतलेल्या बाईला घराबाहेर जाऊन मिळणारे काम म्हणजे खासगी शाळेतील नोकरी किंवा दुकानातील हिशेब, आणि दोन्हींकडे महिन्याला जे हातात पडते त्यापेक्षा मला दुभाष्याच्या कामातून अधिक मिळते. वाट पाहण्याच्या वेळेत मी भाजी निवडते, मुलाला झोपवते. दर तुटपुंजा आहे हे मान्य आहे, पण सर्वांनी एकदम मोठी मागणी केली आणि काम फिलिपिन्सकडे किंवा दुसऱ्या राज्यातील स्वस्त एजन्सीकडे गेले, तर आमच्यासारख्यांनी काय करायचे?

जुना_जालना

मी कर सल्लागार आहे आणि माझ्याकडे घरून काम करणारे काही भाषांतरकार, दुभाषी येतात, म्हणून कागदपत्रांपुरते लिहितो.

८५ दिवसांच्या विलंबाविषयी प्रथम. तुमची एजन्सी भारतातील असेल आणि तुम्ही तिच्या नोकर नसून सेवा पुरवणाऱ्या असाल, तर केंद्र सरकारच्या ‘उद्यम’ पोर्टलवर सूक्ष्म सेवा उद्योग म्हणून नोंदणी करा. ती विनामूल्य आहे, आधार आणि पॅन यांवर होते, त्यासाठी कोणत्याही दलालाला पैसे देऊ नका. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ नुसार सूक्ष्म किंवा लघु पुरवठादाराचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. करारात ६० दिवस लिहिले म्हणून कायद्यातील ४५ चे ६० होत नाहीत. त्यापुढील विलंबावर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते आणि थकलेल्या पैशांसाठी सरकारी पोर्टलवर ऑनलाइन तक्रार करता येते. आयकर कायद्यातील तरतुदीमुळे १ एप्रिल २०२४ पासून अशी वेळेत न दिलेली आणि वर्षअखेरीस थकलेली रक्कम देणाऱ्याला त्या वर्षीचा खर्च म्हणून दाखवताही येत नाही, त्यामुळे एजन्सीचा स्वतःचा लेखापालच तुमच्या बाजूने बोलू लागतो. नोंदणी आधी झालेली असावी. जुन्या बिलांसाठी नंतर नोंदणी करून फारसा उपयोग होत नाही. दर महिन्याला तारखेसह बिल पाठवा आणि ते पोहोचल्याचा ईमेल जपून ठेवा. एजन्सीने टीडीएस (पैसे देतानाच कापलेला आयकर) कापला असेल तर तो आयकर पोर्टलवर तुमच्या नावावर दिसतो का ते पाहा; कापलेला पण न भरलेला टीडीएस मी एकाहून अधिक वेळा पाहिला आहे.

१ वर्ष दुसरीकडे काम न करण्याच्या कलमाला घाबरू नका. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम २७ नुसार व्यवसाय करण्यास मज्जाव करणारा करार त्या मर्यादेपर्यंत शून्यवत असतो, आणि काम सुटल्यानंतरच्या काळासाठी घातलेली अशी बंदी आपली न्यायालये मान्य करत नाहीत. तरीही ते कलम खोडण्यास सांगा, कारण न्यायालयात टिकणार नाही हे ठाऊक असूनही लोक त्याच्या भीतीने वर्ष-वर्ष घरी बसतात.

ध्वनिमुद्रणाच्या संमतीबाबत: डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ मध्ये संमती ही मुक्त, विशिष्ट, माहितीपूर्ण, बिनशर्त आणि निःसंदिग्ध असावी असे म्हटले आहे. या कायद्याची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने होत आहे, पण मागणी करण्यासाठी ही भाषा तुम्हाला आजही वापरता येईल. सेवेचा दर्जा तपासण्यासाठी कॉल ऐकणे आणि तुमच्या आवाजावर यंत्र तयार करणे या २ वेगळ्या गोष्टी आहेत. दोन्हींसाठी एकच सही मागितली जात असेल तर त्या वेगळ्या करून मागा.

अंबाजोगाईकर

जुना_जालना यांनी कायद्याचे सांगितले, त्याला जोडून थोडे लिहितो. मी बीड जिल्ह्यातला. आमच्याकडून दर वर्षी दिवाळीच्या सुमारास लाखो माणसे ऊसतोडीला जातात. त्यांना टनावर मजुरी मिळते. फडात गाडी येण्याची वाट पाहत रात्र जागून काढली तरी त्या रात्रीचा हिशेब कोणत्याही वहीत नसतो. तुमचे मिनिट आणि त्यांचा टन यांत मला फरक दिसत नाही, आणि साखळीही तीच दिसते: वर कारखाना, मध्ये मुकादम, खाली कोयता. फरक आहे तो इतकाच की ऊसतोड कामगारांच्या संघटना आहेत, साखर संघाशी त्यांच्या वाटाघाटी होतात आणि दरवाढीचा करार होतो. तुमच्याकडे बोलणी करायला समोर कोण आहे हेच ठरलेले नाही.

कळमनुरीच्या ताईंची भीती खरी आहे, पण तिचे उत्तर महाराष्ट्राने एकदा दिले आहे. बाजार समितीतला हमाल आज एका अडत्याकडे, उद्या दुसऱ्याकडे ओझे उचलतो. त्याचा एक मालक नाही, म्हणून त्याला भविष्य निर्वाह निधी नाही, रजा नाही, असेच पूर्वी म्हटले जात होते. १९६९ च्या माथाडी कायद्याने मंडळे निर्माण केली, काम देणाऱ्या प्रत्येकाकडून मजुरीसोबत लेव्ही (ठरावीक जादा रक्कम) घेतली आणि त्यातून हमालाला निधी, बोनस, रजेचे पैसे मिळू लागले. अनेक मालक असणाऱ्या कामगाराला कायद्याचे संरक्षण देता येते हे या राज्यात ५० वर्षांहून अधिक काळ सिद्ध झालेले आहे. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये गिग आणि प्लॅटफॉर्म कामगार (कायम नोकरीऐवजी सुटे काम किंवा ॲपवरून काम करणारे) हे शब्द प्रथमच आले, राजस्थानने २०२३ मध्ये स्वतंत्र कायदा केला. त्या चर्चेत डिलिव्हरी करणारी आणि रिक्षा चालवणारी मुले दिसतात, कारण ती रस्त्यावर दिसतात. बंद खोलीत हेडसेट लावून बसलेली बाई कोणालाच दिसत नाही. तिची गणना व्हावी म्हणून निदान असंघटित कामगारांच्या सरकारी ई-श्रम पोर्टलवर नोंद होऊ शकते का ते तरी तपासून पाहा, असे मी सर्वांना सुचवतो.

गोदाकाठ (नांदेड)

आपण सर्वांनी इतका वेळ देऊन लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. पैठणगेटताईंनी सांगितल्याप्रमाणे काल रात्री मी वही घेऊन बसले. मागच्या महिन्यात लॉग-इनचे तास १५०, बोललेली मिनिटे २,७००. म्हणजे २१,६०० रुपये. दंड ९०० रुपये, इंटरनेट आणि विजेचा खर्च १,५०० रुपये. उरले १९,२००. तासाला १२८ रुपये. मी २ वर्षे मनात ४८० धरून चालले होते. नवा दर मान्य केला तर तेवढ्याच मिनिटांचे १८,९०० होतात आणि खर्च वजा जाता तासाला ११० रुपये उरतात. तासिका तत्त्व सोडताना मी ज्या गोष्टीला कंटाळले होते, म्हणजे वर्गातला तास मोजायचा आणि तयारीचे, पेपर तपासण्याचे तास सोडून द्यायचे, तीच गोष्ट मी दुसऱ्या नावाने पत्करली होती.

कयाधूकाठच्या ताई, तुमचे म्हणणे मला पूर्ण समजते. माझ्याकडे मोठी मागणी करण्याचे धैर्यही नाही. माझा विचार असा आहे की दर ८ रुपयेच ठेवावा आणि तासाला किमान २५ मिनिटांची हमी द्यावी, एवढेच मागावे. माझी सरासरी १८ मिनिटे येते. हमी मिळाली तर खर्च वजा करण्यापूर्वी तासाला २०० रुपये होतात.

पैठणगेट (छत्रपती संभाजीनगर)

२५ मिनिटे ही मागणी अवास्तव नाही. मला २० ची हमी मिळाली आहे, आणि माझ्याकडे कॉल तुमच्यापेक्षा अधिक असतात, म्हणून ती मला फारशी लागत नाही. तुम्ही २५ मागा, २० वर आले तरी स्वीकारा, पण त्या बदल्यात दर ७ वर नेऊ देऊ नका. पत्रात दखनीचा उल्लेख ठळक करा आणि मागच्या ६ महिन्यांचे गुणवत्ता तपासणीचे गुण जोडा. उत्तर फोनवर आले तर ‘कृपया ईमेलवर लिहावे’ असे नम्रपणे सांगा.

ध्वनिमुद्रणाच्या कलमाबाबत मी स्वतः नकार कळवला होता आणि त्यानंतरही माझे काम चालू आहे. अमेरिकेतील २०२४ च्या नियमांत यंत्राने केलेले महत्त्वाचे लेखी भाषांतर पात्र माणसाने तपासावे असे म्हटले आहे. म्हणजे यंत्र आले तरी तपासणारा माणूस लागणार आहे, आणि त्या कामाचा दर वेगळा ठरवून मागता येईल. कॉलमध्ये तुमच्या आवाजासोबत रुग्णाचाही आवाज असतो, त्याची संमती तुम्ही देऊ शकत नाही, हेही त्यांना लिहा.

कयाधू_काठ (कळमनुरी)

मीही आज हिशेब केला. माझे तासाला ९६ रुपये येतात. वाट पाहताना भाजी निवडते असे मी लिहिले होते, पण प्रत्यक्षात एक हात कायम माउसवर असतो आणि मूल रडले तरी पहिल्यांदा नजर पडद्यावर जाते. गोदाकाठताई, पत्राचा मसुदा तयार झाला की येथे टाकाल का? एजन्सीचे नाव आणि तुमचा तपशील काढून टाका. माझा करार जानेवारीत संपतो आहे.

गोदाकाठ (नांदेड)

नक्की टाकते. उद्यमची नोंदणी आज सकाळी झाली, अर्ध्या तासाचे काम होते. मसुदा रविवारी माझी शिफ्ट नसते तेव्हा लिहीन आणि पाठवण्यापूर्वी जुना_जालना सरांनी एकदा वाचून द्यावा अशी विनंती आहे.